बादशहाच्या ताफ्यातला माणूस

"न्हाव्याचं पुस्तक धरायचं का हो?" मावशींनी स्टुलावरूनच विचारलं.

"धरा की," ग्रंथपाल म्हणाले. "बादशहाचेच केस कापायचा ना तो? मग बादशहावरचंच झालं."

मावशींनी ते पुस्तक चळतीवर ठेवलं. कोणत्या लोकप्रिय गायकावर सगळ्यात जास्त पुस्तकं निघाली, हा वाद आमच्या वाचनालयात वर्षभर चालला होता. तो एकदाचा मिटावा म्हणून ग्रंथपालांनी प्रदर्शनच मांडलं. एका टेबलावर गिटारवाला, दुसऱ्यावर सोनेरी आवाजाची बाई, तिसऱ्यावर ज्याला सगळे बादशहा म्हणतात तो गायक. स्पर्धा कसली डोंबलाची! बादशहावर त्याच्या ड्रायव्हरनं लिहिलं होतं, स्वयंपाक्यानं लिहिलं होतं, पहिल्या बायकोनं लिहिलं होतं आणि तिला उत्तर म्हणून दुसरीनं दोन भाग लिहिले होते. कुत्र्याला लिहिता येत नव्हतं म्हणून तेवढं राहिलं.

आणि राहिले होते मावशींचे यजमान.

मावशी आमच्याकडे शिपाई. मी काउंटरवर बसते, त्या पुस्तकं लावतात. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, तरुणपणी बादशहाच्या ताफ्यात क्लॅरिनेट वाजवायचे. निदान मावशी तसं सांगायच्या. "आमचे हे नसते तर बादशहाला सूर सापडला नसता," इथपर्यंत मजल जायची. लोक माना डोलवायचे आणि मावशींची पाठ वळली की डोळे मिचकावायचे. मीही मिचकावलेत, उगाच खोटं कशाला बोलू? त्यामुळे प्रदर्शनात काकांना दोन शब्द बोलायला बोलवायचं ठरलं, तेव्हा मावशींना आभाळ ठेंगणं झालं.

त्यांचा धाकही मोठा. गायकांच्या पुस्तकांतले फोटो लोक ब्लेडनं कापून नेतात, हा आमच्याकडचा जुना रोग. म्हणून संध्याकाळी दारात मावशी प्रत्येक वाचकाची पिशवी उघडून बघायच्या. प्राध्यापक असो नाहीतर नगराध्यक्षांचा मेहुणा, "कर नाही त्याला डर कशाला?" म्हणत हात आत. मावशींची स्वतःची पिशवी मात्र कधी कुणी बघितली नव्हती. कुंपण कधी शेत खातं का?

प्रदर्शनाच्या दिवशी काका आले ते ताफ्यातला जुना कोट घालून. बटणं लागत नव्हती. पहिल्या खुर्चीवर बसून ते सारखे खिसा चाचपत होते. मला वाटलं, भाषणाचा कागद असेल.

"काकांचा फोटोच आहे म्हणे यात!" म्हणत ग्रंथपालांनी तो जाडजूड सचित्र ग्रंथ उचलला. हा ग्रंथ घरी मिळत नाही, इथंच बसून चाळायचा. मावशींनी पान आधीच सांगून ठेवलं होतं. ग्रंथपालांनी ते उघडून सगळ्यांपुढे धरलं. मध्ये बादशहा, दोन्ही बाजूंना वादक, आणि उजव्या टोकाला क्लॅरिनेट धरलेला एक माणूस, फक्त कॉलरपर्यंत. वर चौकोनी भोक.

मावशींचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला. काकांना भाषणाच्या तयारीला हवा म्हणून तो ग्रंथ गेल्याच आठवड्यात त्यांच्या पिशवीतून घरी जाऊन आला होता. हे मला मागाहून कळलं. भोक कुणाचं काम, ते त्यांना मात्र तिथल्या तिथे कळलं असणार.

"कुणाचा हा चावटपणा?" ग्रंथपाल तापले. "हे पुस्तक रोज घेऊन बसतं कोण?"

सगळे मास्तरांकडे वळले. निवृत्त शाळामास्तर, खिडकीजवळची खुर्ची त्यांची, बादशहा त्यांचा जीव की प्राण.

"अहो, मी कशाला..."

"मावशी, पिशवी बघा."

मावशी गेल्या. आज 'कर नाही त्याला' म्हणाल्या नाहीत. त्यांनी एकेक वस्तू टेबलावर काढली. औषधाची बाटली. रुमालात गुंडाळलेलं अर्धं सफरचंद. सुईदोरा. आणि एक छोटी कात्री.

"बघा!" कुणीतरी म्हणालं.

"बटणं लावायला असते," मास्तर म्हणाले. "ही गेल्यापासून मीच लावतो." त्यांचे कान लालबुंद झाले होते. मी काउंटरवरून सगळं बघत होते आणि मला हसू येत होतं, देवाशपथ.

"भरा ती पिशवी परत," काका उभे राहिले. "मी कापलंय."

त्यांनी खिशातून अंगठ्याएवढा कागद काढला. त्यावर एक पोरसवदा चेहरा होता.

"काका? स्वतःचाच फोटो?"

"खालचं नाव वाचा."

ग्रंथपालांनी वाचलं. टोकाच्या माणसाचं नाव भलतंच छापलं होतं.

"या नावाचा माणूस ताफ्यात कधी नव्हताच," काका म्हणाले. "आता हे तरुणपणचं तोंड कोण ओळखणार? लोक नाव वाचणार आणि हिला खोटारडी म्हणणार. तोंडच नसलं तर लोक भोकाकडे बघणार, नावाकडे नाही, आणि मी म्हणेन, इथंच होतो. एवढी पुस्तकं वाचली हो मी. न्हाव्याचं नाव आहे, कुत्र्याचं आहे. हिनं एकेक करून घरी आणली, आणि..."

आपण काय बोललो ते काकांना उमगलं. पण सगळ्यांनी ऐकलं होतं.

"घरी? हा ग्रंथ घरी कसा गेला?" ग्रंथपालांनी विचारलं.

"माझ्या पिशवीतून," मावशी म्हणाल्या. "आणि साहेब, पान उघडलंत तेव्हाच मला कळलं होतं कुणी कापलं ते. तरी मी मास्तरांची पिशवी उपसली. लाज वाटते हो मला."

त्या मास्तरांच्या वस्तू परत पिशवीत भरू लागल्या. मास्तरांनी त्यांच्या हातातून कात्री काढून घेतली.

"राहू द्या. मी भरतो."

बादशहा जिंकला, टाळी कुणी वाजवली नाही. मावशींची नोकरी राहिली. ग्रंथपालांनी विषय तिथंच मिटवला. तो चेहरा मावशींनी खळ लावून भोकात परत बसवला. काका आता आहेत पुस्तकात, दुसऱ्याच्या नावावर.

दारात पिशव्या बघणं मावशींनी बंद केलं. आता वाचनालय बंद होताना त्या स्वतःची पिशवी माझ्या काउंटरवर ठेवतात आणि तिचं तोंड उघडून धरतात.

"बघा, बाई."

"मावशी, राहू द्या हो."

"बघा म्हणते ना."

मी बघते. डबा, चष्म्याचं घर, छत्री. मी "ठीक आहे" म्हटल्याशिवाय त्या पिशवी उचलत नाहीत. मागे रांगेत मास्तर उभे असतात. मावशींची पिशवी उघडी असेपर्यंत ते भिंतीकडे बघत राहतात.