पाणी कढत नाही ना?

आमच्या घरात मला सगळी ‘तुमी’ म्हणतात. मुलगा जयराज पलटणीत नायब सुभेदार झाला, तरी फोनवर आधी ‘आई, तुमी जेवला का’ विचारतो. हा मान मी कुणाकडं मागितला नाही, पण कुणाला विसरूही दिला नाही. त्यामुळं नात शिवांजली जेव्हा म्हणाली की जपानी बोलायच्या दोन तऱ्हा असतात, घरच्यांशी तोकडं आणि मोठ्यांशी, परक्यांशी लांब, तेव्हा मी तिथंच सांगून टाकलं, “मग माझ्याशी लांबच बोलायचं.”

ती हसली. घरच्या माणसाशी लांब बोललं तर तिकडं तो तुटकपणा समजतात, म्हणाली. मी म्हटलं, तिकडचं तिकडं.

नर्सिंग झाल्यावर ती सांगलीला जपानीच्या क्लासला जायला लागली. इस्लामपूरहून रोजची एसटी. मला सांगितलं होतं ते असं, की साताऱ्याकडच्या खंडाळ्याला जपानी कंपनी येणार आहे, तिच्या दवाखान्यात भाषा येणारी नर्स पाहिजे, शनिवार-रविवार घरी. मी लगेच हो म्हटलं. तिला आलेली पुण्यापलीकडची दोन स्थळं मीच मोडली होती. पोरगी नजरेआड करायची नाही, एवढंच माझं म्हणणं. तीही म्हणायची, तुमाला सोडून मी कुठं जातीया.

सराव माझ्यावर चालायचा. सकाळी खाटेपाशी येऊन कमरेत वाकायची आणि “ओहायो गोझाइमासु” म्हणायची. नुसतं ‘ओहायो’ तिच्या आईला. माझ्या पायाला हात लावण्याआधी “शित्सुरेई शिमासु”, म्हणजे आगाऊपणाची माफी असावी. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ती मला न्हाणीत धरून न्यायची. पाठीवर तांब्या ओतण्याआधी विचारायची, “युकागेन वा इकागा देसु का?” पाणी कढत नाही ना? सत्तर वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, सुनेनं तर नाहीच. मी चार उत्तरं पाठ केली. चौथीत शाळा सुटली असली तरी जीभ माझी कुठं अडत नाही.

शेजारच्या दुकानवाल्या चंदनबालाला मी ऐकवलंसुद्धा, की तुझ्या नाती मोबाईलमधून मान वर काढत नाहीत, माझी रोज वाकते.

क्लासला निघताना उंबऱ्यापाशी थांबून “इत्ते किमासु” म्हणायची, जाऊन येते. घरात राहिलेल्यानं म्हणायचं, “इत्तेराश्शाइ”, जाऊन ये. हे मला पटलं. आपल्याकडंही ‘जाते’ म्हणून कुणी निघत नाही. आणखी एक शिकवलं होतं, “ओत्सुकारेसामा देशिता.” काम सुटलं की बरोबरची माणसं एकमेकांना म्हणतात, श्रमलात. ते घरच्यांना म्हणायचं नसतं, असं तिनं बजावलं होतं.

श्रावणात एका दुपारी तिच्या क्लासच्या प्राची मॅडम घरी आल्या. मी काठी टेकून उठले, वाकले आणि लांब तऱ्हेनं बोलले. मॅडम हरखल्या. म्हणाल्या, आजी, मुलाखतीत ही पहिली आली ती तुमच्यामुळं. आणि मोबाईल पुढं धरला.

त्यात मी होते. खाटेवर बसलेली, पदर सावरलेला. शिवांजली घमेल्यात माझे पाय धूत होती आणि मी तोऱ्यात जपानीत उत्तरं देत होते. मॅडम सांगत होत्या, जपानमधल्या वृद्धाश्रमाच्या साहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी पुढं काही विचारलंच नाही. पाच वर्षांचा करार. दिवाळीआधी विमान.

सून संयोगिता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि कळलं, हिला ठाऊक होतं. म्हणजे जयराजलाही.

मॅडम गेल्यावर मी पोरीला समोर बसवलं.

“आणि खंडाळा?”

“नव्हतंच,” ती म्हणाली. “सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं तुमी?”

“न्हाई.”

“म्हणून न्हाई सांगितलं.”

“मग ते वाकणं कुणाला हुतं?”

ती चहाचे कप ट्रेत ठेवायला लागली.

“माझ्या अंगावर तू परक्या म्हाताऱ्या घासल्यास, शिवांजली. वरीसभर. आणि मी आपली पाठ पुढं करत हुते.”

“पाठ तुमचीच हुती, आजी,” ती डोळे पुसत म्हणाली. “तुमालाच इचारत हुते रोज.”

खरंही असेल. पण तिचं खरं ओळखायची सोय तिनंच ठेवली नव्हती. मी अडवलं नाही. अडवायला आधी कुणी विचारावं लागतं.

निघायच्या दिवशी जयराज रजा काढून आला होता. गाडी दारात लागली. शिवांजली माझ्यापुढं आली ती वाकली नाही, गळ्यात पडली. मग उंबऱ्याबाहेर जाऊन वळली आणि म्हणाली, “इत्ते किमासु.” आणि थांबली. एकच शब्द तिला पाहिजे होता, ‘जाऊन ये’चा. तो माझ्या जिभेवर होता.

मी काठी टेकून, वाकवेल तेवढी वाकले.

“ओत्सुकारेसामा देशिता.”

तिचा चेहरा उतरला. संयोगितानं विचारलं, काय म्हणाल्या गं आजी? पोरीनं ते कामावरचं ‘श्रमलात’ आईला सांगितलं नाही. तिनं हात पुढं जुळवले, परक्या माणसापुढं वाकतात तशी सावकाश, खोल वाकली आणि गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी न्हाणीत संयोगितानं पाठीवर पहिला तांब्या ओतला. कढत होता. तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.