रुमालाखालचा भाव

राजकुंवरबाईंनी रुमाल झटकला, दोन बोटांत धरून चोळला आणि परत हेमांगीच्या हातात ठेवला.

"हा नाही चालणार. नवा आहे, खळ आहे त्याच्यात. खाली बोट हललं की वर दिसेल. धुवून धुवून मऊ झालेला आणा. बाहेर चहावाल्याच्या खांद्यावर असेल बघा."

हेमांगीने मान डोलावली आणि एकाला बाहेर पिटाळलं. ती बाईंवरच्या टीव्ही मालिकेची दिग्दर्शिका. पुण्याहून आलेली, कामाची वाघीण, पण राजकुंवरबाईंपुढे तीही जरा शाळकरी व्हायची. सगळ्यांचंच तसं व्हायचं. एकसष्ट वर्षांच्या या बाईचा आवाज दर रविवारी सकाळी आठ वाजता रेडिओवर लागला की खानदेशातली निम्मी दुकानं झाडू थांबवून ऐकायची. 'भाव बोला' हे कार्यक्रमाचं नाव. कुणी पिंपळनेरहून फोन करून विचारी, बाई, किराणा टाकू का? बाई उलट विचारत, "गल्लीत आधी किती आहेत, मोजलंत का? मोजा, मग फोन करा." टीव्हीवर त्यांचे दोन हंगाम झाले होते. आणि ते सगळं ज्याच्यामुळे झालं ते पुस्तक, 'रुमालाबाहेर', बाविसाव्या आवृत्तीला टेकलं होतं.

पुस्तकाचं पहिलं प्रकरण याच शेडमध्ये घडलेलं होतं, आणि आज तेच कॅमेऱ्यापुढे पुन्हा करायचं होतं. धुळ्याच्या मिरची बाजारातली ही जुनी पत्र्याची शेड. आता इथे व्यापार नाही, रिकामी पोती पडलेली असतात. पण मिरची भिंतीतून गेलेली नाही. आल्या आल्या कॅमेरावाल्याला ठसका लागला होता. राजकुंवरबाईंची आठ महिन्यांची नात तर आयुषीच्या मांडीवर एकामागून एक पाच वेळा शिंकली आणि पाचव्या शिंकेला स्वतःवरच खूश होऊन हसली.

आयुषी म्हणजे सून. बाईंच्या तारखा, फोन, पत्रं सगळं तीच पाही. एका हातात पोर, दुसऱ्यात मोबाईल. बाळंतपणानंतर चाळिसाव्या दिवशी तिने पोरीला पाजता पाजता वाहिनीशी करार ठरवला होता, आणि बाईंनी ते रेडिओवर नाव घेऊन सांगितलं होतं.

"मम्मीजी, छापखान्याचा मेसेज आहे. नवी आवृत्ती आज यंत्रावर चढवायची म्हणतात. हो कळवू?"

"कळव की."

"प्रूफाचं शेवटचं पान तेवढं बघते, मग कळवते."

तेवढ्यात शेडच्या दारात जीप थांबली आणि तिच्यातून पांढऱ्या टोपीतला एक उंच म्हातारा उतरला. अंगात धुवट सदरा. काठी होती, पण ती टेकण्यापेक्षा हलवण्यासाठीच जास्त. हेमांगी घाईने पुढे झाली.

"मॅडम, तुम्हाला सांगितलं नव्हतं. नरडाण्याजवळच्या खेड्यात सापडले. म्हटलं, नट कशाला, खरा माणूसच आणू."

राजकुंवरबाईंनी खांद्यावरचा पदर सारखा केला. तीस वर्षांत त्यांनी या माणसाला पाहिलं नव्हतं. पुस्तकात त्याचं नाव नव्हतं, नुसतं 'तो दलाल' होतं. पण धुळ्याच्या बाजारात कुणालाही विचारलं असतं तर नाव सांगितलं असतं. चुडामण.

"वळखं का, शेठानी?"

"ओळखलं. कान तेच आहेत."

"कान तेच शेतस. दात बठ्ठा गयात," म्हातारा म्हणाला आणि हसून पुरावाही दाखवला.

मंडळी हसली. बाईही हसल्या. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढून दिली. मनात काही ठेवायची त्यांना सवय नव्हती. जे होतं ते तेव्हाच तोंडावर बोलून झालं होतं.

"आबा, काय करायचं ते लक्षात आहे ना?" हेमांगीने विचारलं. "रुमालाखाली मॅडमचा हात धरायचा. मॅडम तो झटकून टाकतील आणि बोलतील. तुम्हाला वाक्य नाही."

"माले तवयबी नव्हतं," चुडामण म्हणाले. "झटकी टाका आखो एक डाव. मना काय जास?"

"घरच्यांनी येऊ दिलं?" बाईंनी विचारलं.

"नातू नको म्हने. त्याले कॉलेजमा तुमनं पुस्तक शे वाचाले. त्यामा मी शे, हाई तो कोणलेच सांगस नही."

हे त्यांनी तक्रारीसारखं सांगितलं नाही. गावात यंदा कापूस बरा आहे, असं सांगावं तसं सांगितलं. बाईंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

रुमाल अजून आला नव्हता. हेमांगी म्हणाली, "तोवर बोटांची भाषा नुसती दाखवता का, मॅडम? रुमालाशिवाय. आजच्या मुलांना हे ठाऊकच नाही. हात जवळून घेते."

"आण ग तिला इकडे," बाई आयुषीला म्हणाल्या.

नात मांडीवर आली. बाईंनी तिचा गुबगुबीत हात आपल्या हातात घेतला. पोरीने लगेच त्यांची तर्जनी मुठीत आवळली.

"बघा. पूर्वी बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. विकणाऱ्याचा आडत्या आणि घेणाऱ्याचा दलाल, दोघे हातावर रुमाल टाकत आणि खाली एकमेकांची बोटं धरत. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा. पण त्याला काही दिसायचं नाही, काही ऐकू यायचं नाही." त्यांचा आवाज आपोआप रविवारचा झाला. "एक बोट धरलं, हजार. दोन धरली, दोन हजार. आणि नंतर नुसतं पेर दाबलं, असं, तर अर्धं बोट. पाचशे. पटलं की समोरचा तळहातावर दोन थापट्या देतो. मग हात सुटतो. मला हे कुणी शिकवावं लागलं नाही. माझे वडील जळगावला डाळीचे दलाल. तिथल्या मेहरूण भागातल्या घरी ते मला असंच मांडीवर घेऊन..."

"पेर म्हनजे शंभर," चुडामण म्हणाले.

बाई थांबल्या.

"शंभर, शेठानी. धुयाले पेर कायम शंभर. मिरचीमा तेच चालनं. पाचशे तुमना जळगावले. डाळमा."

कॅमेरावाल्याने डोळा काचेवरून काढला. बाहेर हमालांनी कसलं तरी ओझं धप्पकन टाकलं.

तीस वर्षांपूर्वीची ती दुपार बाईंनी इतक्यांदा सांगितली होती की ती त्यांना पाठ होती. नवरा जाऊन तीन महिने झालेले. त्याच्या आडतीच्या पेढीवर, गादीवर बसलेली एकतिशीची बाई, पहिल्यांदा सौद्याला उतरलेली. बाईमाणसाचा हात परपुरुषाच्या हातात, म्हणून भोवती ही गर्दी. समोरच्याने दोन बोटं धरली, मग पेर दाबलं. अडीच हजार. तिने थापट्या दिल्या. आणि त्याने चिठ्ठीवर लिहिले एकवीसशे. तिने रुमाल फेकून दिला आणि शेडभर ऐकू जाईल अशी ओरडली, "नवी बाई बघून लुबाडता? आता भाव तोंडाने बोला!" शेतकरी तिच्या बाजूने झाले. त्या दिवसापासून तिच्या पेढीवर प्रत्येक भाव मोठ्याने बोलला गेला, मग शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. तिने पुन्हा कधी रुमालाखाली हात घातला नाही. गरजच पडली नाही.

पुस्तकात पुढे एक वाक्य होतं. वाचक ते पत्रांतून उतरवून पाठवत: चोरी पकडली गेली की माणसाचा चेहरा कसा रिकामा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

बाईंनी चुडामणांकडे पाहिलं. दात गेले होते, गाल बसले होते, पण तो चेहरा त्यांना अजून आठवत होता. रिकामा होता खरा. काही न समजलेल्या माणसाचा होतो, तसा.

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्यानंतर आठ-दहा वरीस मांगून. बैलबजारमा एक जळगाववाला मनासंगे असाच भांडना. तवय समजनं."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणले सांगू? तवलोंग तुमना आवाज रेडिओवर येवाले लागी गयथा." म्हातारा पुन्हा हसला, पण या वेळी तोंड मिटून. "आनि शेतकरीसले भाव ऐकू येवाले लागना, हाई काय वाईट व्हयनं का? बाजार मी सोडी दिन्हा. वावर व्हतं. चालनं."

हेमांगी सावरून पुढे आली. आवाज तिने खाली घेतला.

"मॅडम, हातांचा तुकडा आपण घेतलेलाच नाही असं समजा. रुमाल, झटकणं, तुमचं वाक्य, एवढंच घेऊ. पेराचं कुणाला कळणारही नाही. आबाही काही बोलायचे नाहीत. हो ना, आबा?"

"मी तीस वरीस नही बोलनू."

आयुषी उभी राहिली होती. मोबाईलवर अंगठा टेकलेला. "मम्मीजी, छापखाना विचारतोय. काय कळवू?"

नातीने बाईंची तर्जनी अजून सोडली नव्हती. बाईंनी तिचं एकेक बोट उलगडून आपलं बोट सोडवलं. घाई न करता, एक झालं की दुसरं. मग त्या इवल्या तर्जनीचं पेर चिमटीत धरून क्षणभर पाहत राहिल्या, आणि पोरीला आयुषीकडे दिलं.

"रुमाल आला का?"

आला होता. चहावाल्याचा, धुवून विरलेला, एका कडेला डाग पडलेला. बाईंनी तो चोळून पाहिला. "हा बरोबर आहे." त्या खुर्ची सोडून खाली पोत्यावर बसल्या. चुडामणही काठी बाजूला ठेवून समोर बसले, गुडघे कुरकुरले तसे "थांबा रे," असं गुडघ्यांनाच म्हणाले. बाईंनी स्वतः रुमाल पसरला आणि खाली हात पुढे केला. मातीत राबलेला, खडबडीत तळवा त्यांच्या हाताला लागला. चुडामणांनी दोन बोटं धरली. मग पेर दाबलं. अगदी तसंच.

"मॅडम, तयार?" हेमांगीने विचारलं. "हात झटकायचा, मग वाक्य. चला, सुरू."

बाईंनी हात झटकला नाही. त्यांनी मान वर केली आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यात बघितलं. आवाज तोच होता, रविवारी सकाळी आठचा, शेवटच्या पोत्यापर्यंत जाणारा.

"तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, भाव तोंडाने बोला. माझ्याकडचा एक बोलायचा राहून गेला. या शेडमध्ये, या रुमालाखाली, समोरच्या माणसाने मला एकवीसशे सांगितले. मी अडीच हजार समजले. बोटं त्यांची बरोबर होती. चूक माझ्या बोटांची. त्यांचं नाव मी पुस्तकात लिहिलं नाही. नाव चुडामण आहे."

हेमांगीचा थांबवण्यासाठी उचललेला हात तसाच राहिला. आयुषीने छापखान्याला हो न कळवताच मोबाईल उलटा करून पिशवीत टाकला आणि शिंकू लागलेल्या पोरीच्या नाकावर पदर धरला.

चुडामण जुने दलाल होते. समोरच्याचा भाव ऐकला की थोडं थांबायची त्यांची रीत होती. त्यांनी टोपी सरळ केली. कॅमेऱ्याकडे नाही, शेडच्या पत्र्याकडे पाहिलं.

मग रुमाल जरासा हलला. एकदा, आणि पुन्हा एकदा.