खांद्यामागचा आवाज

पुस्तकं मोठ्यानं वाचणं हे माझं काम. ऑडिओबुक. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे रेकॉर्डिस्ट. काही चुकलं की तो हात वर करतो. मग मी थांबते, मागे जाते आणि पुन्हा म्हणते. ही गोष्टही तशीच सांगेन, मला दुसरी पद्धत येत नाही.

तर, एका लोकप्रिय लेखिकेच्या कादंबरीला आवाज देताना माझ्याकडून एक छोटासा प्रयोग झाला आणि त्याचे काही अनपेक्षित...

हात वर.

पुन्हा. मी सूड घेतला. नेमका कोणावर, ते घेताना नीट ठरलं नव्हतं एवढंच.

*

भिंगरी ही माझी भाची, ताईची मुलगी. कॉलेजात जाते आणि पळते. क्लबतर्फे, स्पर्धांमध्ये. तिच्या उशाशी दोनच गोष्टी सापडायच्या, न धुतलेले मोजे आणि लेखिकाबाईंची पुस्तकं. ग्रीक पुराणातली एखादी मुलगी उचलायची, तिला आजच्या पोरींसारखं बोलायला लावायचं आणि वर प्रेमकथा बेतायची, हा बाईंचा धंदा जोरात चालला होता. या मालिकेसाठी त्यांनी डॅफ्नी उचलली होती.

मूळ गोष्ट छोटी आहे. अपोलो नावाचा देव डॅफ्नीच्या मागे लागतो. तिला तो नको असतो. ती पळते, तो पाठलाग करतो. अगदी हाताला लागणार तेवढ्यात ती आपल्या बापाला, नदीच्या देवाला, हाक मारते आणि तो तिचं झाड करून टाकतो. तरी हा सोडत नाही. झाडाची पानं तोडतो, त्यांचा मुकुट करतो आणि डोक्यावर मिरवतो.

बाईंच्या पहिल्या भागात डॅफ्नी पळाली, आणि काय पळाली. दुसऱ्या भागात ती झाड होती, पण जिवंत आणि संतापलेली. तिची मुळं जमिनीखालून सरकत अपोलोच्या देवळाच्या पायापर्यंत पोचली, पायाच्या दगडाला चीर गेली आणि भाग संपला. आता तिसऱ्यात देऊळ पडणार हे शेंबडं पोरही सांगेल. भिंगरी त्या पडझडीकडे डोळे लावून बसली होती.

पहिले दोन्ही भाग मीच वाचले होते. भिंगरी सरावाच्या आधी मावशीला कानात घालून मैदानाला फेऱ्या मारायची.

मधल्या काळात सरांचं प्रकरण झालं.

पुन्हा. 'प्रकरण झालं' ही क्लबच्या लोकांची भाषा. सर म्हणजे तिचे प्रशिक्षक. वेग वाढावा म्हणून ते सरावात एकेका मुलीच्या मागे पळायचे, अगदी खांद्याला लागून, आणि बोलायचे. "अजून थोडं. मी आहे मागे. सोडणार नाही तुला." शब्द एवढेच. कागदावर लिहा नाहीतर भिंतीवर रंगवा, कुणाला काही खटकणार नाही. ते कसे म्हटले जातात हे फक्त पुढे पळणाऱ्या मुलीच्या कानाला कळायचं.

भिंगरीनं घरी सांगितलं. डॅफ्नीला नाही म्हणता येतं तर मला का नाही, असं म्हणाली. मी मैदानाच्या वळणावर जाळीला चिकटून उभी राहिले आणि स्वतः ऐकलं. आवाजावर माझं पोट आहे, एकदा ऐकलेला मी विसरत नाही. मग ताई, भिंगरी आणि मी क्लबच्या समितीपुढे गेलो. अध्यक्षांनी ती वाक्यं लिहून मागितली आणि भाजीची यादी वाचावी तशी वाचून दाखवली. यात काय आहे, म्हणाले. मी म्हटलं, ती कशी बोलली जातात ते करून दाखवते. ते हसले. इथे नाटक नको, म्हणाले. सरांकडच्या आणखी दोघींना बोलावलं. त्यांनी जमिनीकडे बघत, तसं काही नाही, असं सांगितलं. भिंगरीचं नाव संघातून गेलं. सरांचं स्टॉपवॉच सरांच्या गळ्यात राहिलं.

त्यानंतर ती पळाली नाही. आम्ही पुष्कळ समजावायचो. तिचं उत्तर ठरलेलं होतं, मी खोटं बोलले नाही.

*

आणि मग तिसरा भाग आला.

अपोलो झाडाखाली बसून गातो. गाण्यानं झाडाची साल विरघळते. डॅफ्नी बाहेर येते, रडते, एवढी वर्षं ताटकळत ठेवलं म्हणून त्याची माफी मागते. देऊळ पडत नाही, देवळात लग्न लागतं. पायाच्या दगडाला गेलेल्या चिरेचं पुढे काय झालं ते बाई विसरल्या. आणि लग्नाच्या प्रसंगात डॅफ्नी म्हणते, "मी पळत होते, कारण तू मागे येशील हे मला ठाऊक होतं."

भिंगरीनं पुस्तक उचललं आणि चपलांच्या कपाटात नेऊन टाकलं, खालच्या कप्प्यात, बापाच्या पावसाळी बुटांशेजारी. मग वाचकांच्या साइटवर एक तारा दिला आणि लिहिलं: "बाईंना एकदा कुणीतरी मागे लागून पळवायला हवं. मग विचारू, मजा येत होती का."

लेखिकाबाईंनी सगळ्यांसमोर उत्तर दिलं. शेवटी हसरा चेहरा होता. "तू अजून लहान आहेस गं. प्रेम कळायला वेळ लागतो."

खाली हजारभर लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकली. ताईनं मला फोन करून सांगितलं की पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली आहे आणि जेवायला उठत नाही.

मी गेले. तिनं मान न वळवता विचारलं.

"हाही तूच वाचणार?"

"तिन्ही भागांचा करार आहे, भिंगरी."

"म्हणजे ते वाक्य तू म्हणणार. तुझ्या तोंडानं."

मी म्हटलं, शब्द बदलायची मुभा नसते. ती म्हणाली, "हो ना. शब्दांत कधीच काही नसतं."

*

स्टुडिओ म्हणजे कपाटाएवढी खोली. भिंतींना काळा स्पंज. कुरकुरणारी खुर्ची चालत नाही, सळसळणारे कपडे चालत नाहीत. तोंड कोरडं पडून चटचट आवाज येतो, म्हणून मी मधूनमधून हिरव्या सफरचंदाची फोड खाते. मजकूर जसाच्या तसा वाचायचा. एक 'तर' जरी गळला तरी काचेमागे हात वर.

या वेळी लेखिकाबाई स्वतः काचेपलीकडच्या सोफ्यावर बसल्या होत्या, हेडफोन लावून. भागाची सुरुवात जुन्या पाठलागाच्या आठवणीनं होती; त्यातलं अपोलोचं पहिलं वाक्य मी नेहमीच्या नायकी आवाजात म्हटलं. बाईंनी बटण दाबलं.

"अजून मऊ."

मी मऊ केलं.

"अजून जवळ. तिच्या अगदी कानाशी बोलतोय असा."

मी डोळे मिटले. जाळी दिसली, वळण दिसलं. आवाज आपोआप वर आला, शोधावा लागला नाही. अर्धा श्वास आत ठेवून बोललेला, शब्दाच्या शेवटी किंचित हसणारा, नकार गृहीतच न धरणारा. "पळ. हवं तेवढं पळ. मला घाई नाही."

बाईंनी दंडावरून हात फिरवला. "हाच. शहारा आला बघा."

मलाही आला होता.

मग मी ठरवलं. शब्दाला धक्का लावायचा नाही. अपोलोला अथपासून इतिपर्यंत सरांचा आवाज द्यायचा. आणि डॅफ्नीला पळणाऱ्या मुलीचा श्वास, पळतानाही आणि झाड झाल्यावरही. माफी मागताना, गळ्यात हार पडताना, नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवताना, सगळीकडे तीच धाप. ओठांवर प्रेम आणि छातीत धाव. ते वाक्य आलं तेव्हा मी प्रत्येक शब्दाआधी मागे बघितल्यासारखी थांबले.

बाई मधल्या मधे निघून गेल्या होत्या, त्यांचा कुठेतरी सत्कार होता. रेकॉर्डिस्टनं विचारलं की एवढे श्वास कापायचे का. मी म्हटलं, एकही नाही. तो म्हणाला, मला दोन मुली आहेत. आणि फाइल तशीच बंद केली.

*

ऐकणाऱ्यांचं म्हणणं, जसं आलं तसं:

'अपोलोचा आवाज!!! मेले!!!'

'पुस्तक गोड वाटलं होतं. ऐकताना बसमध्ये दोनदा मागे वळून बघितलं. का ते माहीत नाही.'

'लग्नात नवरी घाबरलेली का वाटते?'

'मला जुनी नोकरी आठवली. बंद केलं.'

'बाई, तुम्ही हे प्रेम म्हणून लिहिलंय का खरंच?'

तारे घसरायला लागले, पुस्तकाचेही आणि बाईंचेही. बाईंचा फोन आला. तुम्ही माझ्या नायकाचा राक्षस केलात, म्हणाल्या. मी म्हटलं, आवाज तुम्हीच पसंत केला होता.

"मला तो मऊ हवा होता."

"मऊच आहे. पुन्हा ऐका."

त्यांनी फोन ठेवला. मग ऑडिओबुकच्या कंपनीनं कळवलं की यापुढे माझी गरज नाही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी गाणं म्हणत घर झाडलं.

आणि त्याच आनंदात भिंगरीला फाइल पाठवली. ऐक, तुझ्यासाठी केलंय.

पुन्हा. ती तिला ऐकावी लागेल, कानात घालून, एकटीनं, याचा मी विचारच केला नाही. मी विचार केला आपल्या कलेचा.

ती दारात आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मावशी, मी त्याला महत्प्रयासानं कानातून काढला होता. तू परत आणून बसवलास."

ती बाकावर बसली. ताईला फोन करू का, विचारलं; नको म्हणाली. पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं स्वतःहून मोबाइल उचलला.

"हुबेहूब तोच आहे," ती म्हणाली, "म्हणजे मी वेडी नाही."

मग तिनं अपोलोचा एक तुकडा कापला आणि समितीसमोर जमिनीकडे बघणाऱ्या त्या दोघींना पाठवला. सोबत एक अक्षर लिहिलं नाही.

एकीचं उत्तर लगेच आलं. 'हे कधी रेकॉर्ड केलंस? सरांना कळलं तर?'

दुसरीनं उशिरा लिहिलं. 'मला ऐकवू नकोस.' आणि थोड्या वेळानं: 'माझ्यासारख्या अजून किती जणी आहेत?'

*

निवड चाचणीच्या दिवशी पालक मैदानाच्या पायऱ्यांवर बसतात. ताई आणि मी मागच्या रांगेत होतो. दोन शर्यतींमध्ये भोंग्यावर गाणी लावतात. ते काम त्या दोघींपैकी उशिरा उत्तर लिहिणारीकडे होतं, कारण तिचा पाय मुरगळला होता आणि ती भोंग्याच्या खोलीत बसून होती. तिच्याशेजारी भिंगरी.

मुली ओळीनं सावकाश पळत अंग गरम करत होत्या. सर समोर, अंतिम रेषेपाशी, स्टॉपवॉच हातात. गाणं मध्येच तुटलं आणि मैदानभर तो आवाज पसरला.

"पळ. हवं तेवढं पळ. मला घाई नाही."

ओळीतल्या सगळ्या मुलींनी झटक्यात मागे वळून पाहिलं. एकदोघींचा हात खांद्यावर गेला. मागे कुणी नव्हतं. पायऱ्यांवरचं बोलणं थांबलं. आपापल्या मुलीचा चेहरा प्रत्येकाला दिसत होता, त्यासाठी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. मग मुली एकेक करून पुढे वळल्या आणि सरांकडे बघायला लागल्या.

सरांनी खोलीकडे हात केला. त्यांनी आवाज चढवला नाही, तो त्यांचा स्वभावच नव्हता. निवेदकाचा माइक घेतला आणि अर्ध्या श्वासात, किंचित हसत म्हणाले, "बंद करा ते."

भोंग्यातून एकच माणूस दोनदा बोलल्यासारखं झालं.

पहिल्या रांगेतली एक बाई उठली. मग तिच्यामागची. अध्यक्ष खुर्चीतून अर्धवट उठून काहीतरी गैरसमजाबद्दल बोलत होते. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. बायका पायऱ्या उतरून ट्रॅकवर गेल्या आणि आपापल्या मुलींशेजारी उभ्या राहिल्या. एकीनं लेकीला काही विचारलं. लेकीनं होकारार्थी मान हलवली.

सरांनी माइक ठेवला आणि ते फाटकाकडे निघाले. भिंगरी खोलीतून बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती अजून माझ्यावर चिडलेली होती आणि तो तिचा हक्क होता. ती सरांच्या मागे चालायला लागली. मग संघातल्या मुली, मग आया.

फाटक लांब होतं. सरांनी पावलं उचलली, थोडी भरभर, मग आणखी भरभर. मध्येच त्यांनी मागे वळून बघितलं. सगळ्या चालतच होत्या. पळत कुणीच नव्हतं.