बिरप्पाच्या गाडीला माळढोक भीत नसे

माणूस चालत येताना दिसला की माळढोक बुजायचा, जीपचा आवाज आला की मैलभर लांब उडून जायचा. पण बिरप्पाची खिलारी जोडी घुंगूर वाजवत आली तर हा कमरेएवढा उंच पक्षी नुसती मान वर करून बघायचा आणि पुन्हा टोळ टिपायला लागायचा. ही ओळख काय एका दिवसात झाली होती होय? बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं मेली, तेव्हापासून पाच वर्षं बिरप्पा त्याच गाडीतून, त्याच वाटेनं रोज माळावर फिरत होता. पुण्या-मुंबईचे पाहुणे सोलापूरला उतरून त्याच्याकडे यायचे, गळ्यात दुर्बिणी अडकवून गाडीत बसायचे, नीलम्माच्या हातची भाकरी आणि शेंगाचटणी खायचे. त्यावरच नवराबायकोचं घर चाललं होतं.

आणि आता म्हणे माळापलीकडं खडीची खाण निघणार, आणि तिचा रस्ता थेट माळाच्या छातीवरून! अहो, ओढ्याकडून फिरवा की, तीनच मैल जास्ती. पण ठेकेदाराच्या ट्रकांना ते तीन मैल जड झाले. बिरप्पानं एका पाहुण्याकडून अर्ज लिहून घेतला होता. त्यावरून पुण्याचे जंगलखात्याचे साहेब सोमवारी येणार होते. पक्षी दिसला तर रस्ता ओढ्याकडून जाणार, नाही दिसला तर सरळ.

एवढं झाल्यावर गप्प बसावं ना माणसानं! पण नाही. फाट्यावरच्या हॉटेलात गावचाच नागनाथ भेटला. हा खाणीच्या ठेकेदाराचा मुकादम. त्याच्यापुढं बिरप्पाची छाती फुगली.

"जीप न्या न्हायतर चालत जावा, शेपूटबी दिसायचं न्हाय. माझ्या गाडीतनं साहेबाला दहा हातांवर नेऊन उभा करतो की!"

"दहा हात?"

"मग! घुंगरं वळखत्यात ती."

"लई भारी काम हाय तुमचं, अण्णा," म्हणत नागनाथानं चहा पाजला.

शनिवारी सकाळी तो दारात हजर. "अण्णा, ल्योक झाला मला! शालन म्हायेरासनं, सांगोल्यासनं एस्टीनं फाट्यावर येतीया. बाळंतिणीला जीपमधनं आदळत आणू व्हय? गाडी द्या. बोकडबी कापायचाय."

बाळंतिणीला गाडी नाही म्हणायची गावात रीत नव्हती, आणि त्या गाडीचं भाडंही कुणी घेत नसे. नीलम्मा म्हणाली, "तुमीबी जावा की संगं."

"खुळी का काय? बाळंतिणीच्या गाडीत परका बापय कशाला?" बिरप्पानं कासरा नागनाथाच्या हातात दिला.

संध्याकाळी गाडी परत आली ती स्वच्छ धुतलेली. बैलांना पाणी पाजलेलं. मागून आणलेली गाडी रिकामी परत करायची नाही, म्हणून आत जेवणाचा डबा. बिरप्पाला बरं वाटलं. माणूस खाणीचा असला तरी रीत पाळतो, म्हणाला. श्रावण पाळून तोंड आळणी झालं होतं, दोघांनी डबा पुसून खाल्ला. मटण जरा चिवट होतं. दाताखाली खडा आला तो बिरप्पानं अंगणात थुंकला.

सोमवारी साहेब गाडीत बसले. शेजारी ठेकेदार, आणि पुढं बिरप्पाला खेटून नागनाथ. दुपारपर्यंत घुंगरं वाजत राहिली, पण कुठं काही हललं नाही. त्या वर्षी माळावर माळढोकाची एकच जोडी उरली होती, आणि नर ज्या उंचवट्यावर उभा राहायचा तिथं बिरप्पाला गवतात पिसं दिसली, वाळलेलं रक्त दिसलं, बंदुकीचं रिकामं काडतूस दिसलं. साहेब दुर्बीण लावून दुसरीकडे बघत होते. बिरप्पानं तोंड उघडलं.

"दाखवा की," नागनाथ त्याच्या कानात पुटपुटला. "कुणाच्या गाडीतनं मारला त्येबी सांगा. डबा कुणी खाल्ला त्येबी सांगा. शिकारीला आता जेल हाय, अण्णा."

बिरप्पाला तो दाताखालचा खडा आठवला. "आन् ल्योक?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"कसला ल्योक? शालनला आत्ताशी सातवा हाय."

"काय रे," साहेबांनी दुर्बीण खाली घेतली, "तुझा पक्षी कुठाय?"

"न्हाय, साहेब."

"मग हा अर्ज?"

"चुकलं, साहेब."

साहेबांनी कागद लिहिला, बिरप्पानं अंगठा उठवला. माळाच्या कडेला उभी केलेली जीप सगळ्यांना घेऊन निघून गेली आणि तिचा धुरळाही बसला.

तो एकटाच परत निघाला. वाटेत, माळाखालच्या बाजरीत दडलेली मादी बाहेर आली. घुंगरं ऐकूनच आली होती ती. दहा हातांवर उभी राहिली, मान वर करून बघितलं, आणि गाडीच्या मागंपुढं काहीतरी शोधू लागली.

बिरप्पा खाली उतरला. हातात येईल तो धोंडा उचलून फेकू लागला. "हाड! पळ की भवाने! माझ्या गाडीला भी!" ओरडता ओरडता त्याचा घसा बसला. एक धोंडा तिच्या पंखाला लागला.

ती दोन पावलं सरकली, आणि तिथंच उभी राहून टोळ टिपू लागली.