पप्पांच्या पेजेतले जंतू

"डॉक्टर, माणसाच्या शीमध्ये जंतू किती असतात?"

तेजलने दवाखान्यात आई-पप्पांसमोरच विचारलं. सुलक्षणाने लेकीला कोपराने ढोसलं. राजारामने भिंतीवरच्या आतड्याच्या चित्रात डोकं खुपसलं.

तिच्या मैत्रिणींनी, निधी आणि श्वेताने, पैज लावली होती. डॉक्टरांना हे विचारलंस तर दोन प्लेट पाणीपुरी, नाहीतर सोमवारी अख्ख्या वर्गासमोर 'मी भित्री' म्हणायचं. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला तेजलचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नसे. जूनमध्ये ती वक्तृत्वात पहिली आली, आणि तेव्हापासून दिंडोशीच्या त्यांच्या कॉलनीत कोणीही तिला गप्प करू शकलं नव्हतं.

"अब्जावधी," डॉक्टर अनिरुद्ध शांतपणे म्हणाले. "पाणी काढून टाकलं ना, तर उरलेल्यातला मोठा वाटा जंतूंचाच."

"म्हणजे पप्पांच्या कॅप्सूलमधलेपण जिवंतच?"

"जिवंतच. मेलेले देऊन काय करू?"

राजारामच्या मोठ्या आतड्याला बारीक बारीक पिशव्या आल्या होत्या. मे महिन्यात त्या सुजल्या आणि तो चालवायचा ती शाळेची बस दुसऱ्या ड्रायव्हरला द्यावी लागली. सूज उतरल्यावर डॉक्टरांनी भाजीपाला, भरपूर पाणी आणि पोटाला उपयोगी जंतूंच्या या कॅप्सूल सांगितल्या होत्या. आज "कसं वाटतंय?" विचारल्यावर राजाराम म्हणाला होता, "एकदम झकास." डॉक्टरांनी 'पुन्हा येण्याची गरज नाही' असं लिहायला पेनही उचललं होतं.

पण सकाळी गादीच्या कडेला बसून डावं पोट दाबणारे पप्पा तेजलने पाहिले होते. आणि आईचं पातेलंही.

"आणि डॉक्टर, ते उकळत्या पेजेत टाकले तर?"

"गप रव गो," राजाराम पुटपुटला.

"ह्यांना गोळी गिळताच येत नाही," सुलक्षणा उसळली. "मग मी फोडून पेजेत घालते. मीठ घालते तशी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हसू दाबायला चष्मा पुसला. "वहिनी, दोन महिने तुम्ही रोज सकाळी जंतूंचं सार केलंत."

"बघ, वाट लावलीस," राजाराम बायकोला म्हणाला.

"मी? आणि झकास कोण म्हणालं मघाशी?"

आता लपण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मुलीने डॉक्टरांसमोर शी म्हणून टाकलं होतं, त्यापुढे त्याची कसली लाज? "डावीकडे दुखता अजून," राजाराम हळूच म्हणाला. "तीन-तीन दिवस साफ होत नाय. बोललो असतो तर तुम्ही पोट फाडला असता."

"बोलला नाहीत तर वेळ येईल तशी," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पोट दाबून पाहिलं, रक्ताची तपासणी लिहून दिली. "ह्या कॅप्सूल फोडून घ्या, पण थंड ताकात. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही हं, खात्रीने मलाही सांगता येत नाही. पण आधी जिवंत जंतू तरी जाऊ देत पोटात. महिन्याने या."

खाली रिक्षा शोधताना सुलक्षणा कुरकुरत होती, "चारचौघांत असलं विचारतात का गं?" राजाराम मात्र मध्येच हसला, "जंतूंचा सार," आणि पोट धरून पुन्हा हसला. महिन्याभरात तो असा हसला नव्हता.

तेजलने निधीला 'दोन प्लेट, तिखट' एवढंच पाठवलं आणि फोन खिशात टाकला.

"आई, पप्पा, ऐका. पुढच्या महिन्यापासून डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत मी बसणार. पप्पा, तुम्ही माझ्या शेजारी. आणि 'झकास' म्हणायचं की नाही, ते मी ठरवणार."