खेळात गेलेला आवाज

आमच्या सूनबाईला, कोकिळेला, मागून येऊन गुपचूप उभं राहायची खोड आहे. मी मेथीच्या जुड्या बांधत असले की ही दाराशी. विहिरीवरच्या मोटारीचा खटका पाडायला गेले की ही बांधावर. बरं, आलीच तर चार जुड्या बांधाव्यात, तेही नाही. हातात मोबाइल, तोंड बंद, आणि माझ्याकडे बघायचं नाही असं ठरवून बघत राहणं. संग्रामपूरच्या माणसांनी मुलीला कॉम्प्युटर शिकवला, हुंड्यात कॉम्प्युटरच दिला, पण दारात खोकून यावं हे काही शिकवलं नाही.

सहदेव, माझा मुलगा, सुरतेला साड्यांच्या कारखान्यात. घरात आम्ही सासू-सुना दोघीच, आणि जळगाव जामोदच्या रस्त्याला लागून आमचा भाजीचा मळा.

ती माझं बोलणं मोबाइलमध्ये भरून घेते आहे, हे माझ्या ध्यानात आलं. आमच्या गल्लीतल्या सुभद्राबाईच्या सुनेनं हेच केलं होतं. चार शहाणी माणसं बोलावून बसवली आणि सासूच्या शिव्या सगळ्यांना ऐकवल्या. सुभद्राबाई तेव्हापासून देवळात जाते तीही मागच्या वाटेनं. माझं तोंड काय आहे ते मला ठाऊक आहे. ते चार माणसांत वाजलं असतं तर मला मागची वाटही पुरली नसती.

म्हणून मी गोड बोलायला लागले. दूध उतू गेलं, असू दे म्हटलं. मिरचीच्या रोपांत पाणी तुंबलं, जमीन पिऊन घेईल म्हटलं. इतकं गोड की माझ्याच तोंडाची चव गेली. वच्छलाबाई वांगी न्यायला आली तर मला विचारते, ताप आहे का म्हणून.

एक दिवस मळ्यातून लवकर परतले. आतल्या खोलीतून आमच्या मोटारीचा खटका पडल्याचा आवाज आला. मोटार मळ्यात, खटका मळ्यात, घरात आवाज कसला? मग बांगड्या वाजल्या. मग ओलं लुगडं दगडावर आपटल्यासारखं झालं. मी दार ढकललं तर कोकिळा एकटीच कॉम्प्युटरपुढं. पडद्यावर एक बोटभर गडी उड्या मारत होता. सहदेव लहानपणी टीव्हीला डबा जोडून हाच खेळ खेळायचा, जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा.

पकडली गेली म्हटल्यावर तिनं सगळं सांगितलं. त्या जुन्या खेळात एकेक आवाज सुटा ठेवलेला असतो. तो काढून त्या जागी आपला घालता येतो. पण जुन्या आवाजाची जागा जेवढी, तेवढ्यातच नवा बसवायचा, जास्त झाला की खेळ बिघडतो. सहदेवला तिथं कारखान्याच्या घरघरीशिवाय काही कानावर पडत नाही, म्हणून ती घरचे आवाज जमवत होती. उडीला खटका, नाणं उचललं की बांगड्या, राक्षसाला मारलं की धुणं.

मी म्हटलं, "अन् माह्या शिव्या कुठी हायेत?"

"नाई बसल्या, आत्याबाई. तुमची एकबी शिवी तेवढ्यात सरत नाई."

मला हसू येणार होतं. तेवढ्यात तो गडी खड्ड्यात पडला आणि खेळातून आवाज आला, "माय वं."

फाटका, घोगरा, पण माझा. गुडघा धरून उठताना निघतो तो. मी आजूबाजूला कोणी नाही हे पाहूनच उठते. सहदेवनं जाताना सांगून ठेवलं आहे, माय, ज्या दिवशी तुझं अंग थकेल त्या दिवशी मळा ठोक्यानं दुसऱ्याला कसायला देऊन टाकू, घराला कुलूप, आणि दोघी सुरतेला चला. त्या एका खोलीत मी काय करू? मळा गेला तर मी कोणाला आणि कशाबद्दल बोलू?

खेळ सुरतेला निघालेल्या गावातल्या माणिकरावांच्या हाती कधीच सुरतेला गेला होता.

आता मात्र मला सगळा डाव कळला. सासूचं कण्हणं नवऱ्याच्या कानात घातलं की सुरतेची वाट आपोआप मोकळी. मी विचारलं, "सुरतले जायाची घाई झाली काय तुले?"

तिनं खाली मान घालून सांगितलं की जावंसं वाटतं, ते कशाला लपवू. पण आवाज घेतला तो फक्त तेवढ्या जागेत बसला म्हणून. मी विश्वास ठेवला नाही.

संध्याकाळी ती पीठ चाळत होती तेव्हा सहदेवचा फोन आला. मी तो मोठ्यानं लावायला सांगितला आणि भिंतीला टेकून खाली बसले. खेळ आवडला म्हणाला, सगळ्या खोलीला ऐकवला म्हणाला. मग आवाज उतरला त्याचा.

"तो पडतानीचा आवाज मायचा हाये ना? खरं सांगजो. दुखते काय तिचं? मी येतो लगेच, मळ्याचं पाहूनच टाकू."

कोकिळेनं माझ्याकडं पाहिलं. एक हो म्हणायचा अवकाश होता.

"माहा हाये तो," ती म्हणाली. "घागर उचलतानी कंबर भरून येते माही."

"अस्सं. बरं. अन् उडी मारतानीचा आवाज कायचा हाये?"

तिनं सांगितलं, मोटारीच्या खटक्याचा. तो हसला. तीही हसली, चाळणीकडं बघत. मग दोघं कुठल्या कुठल्या आवाजांचं बोलत राहिले. कंबरेचं त्यानं पुन्हा काढलं नाही. मी वाट पाहत होते.

फोन ठेवून ती पुन्हा पीठ चाळू लागली. मी भिंत धरली आणि तिच्या देखतच उठले. उभी राहिल्यावर म्हटलं, "कोकिळा, तू खोटारडी हाये. पन माह्या लेकापेक्षा बरी हाये."