खुर्चीला आलेली फुलं

बंद पडलेल्या गोदामात सकाळी सातपासून माणसं उभी होती. काठ्या टेकत आलेली, पाठुंगळी आणलेली, चाकाच्या खुर्चीतून ढकलत आणलेली. पुढे टेबलामागे काटेबाबा. त्याच्या उजवीकडे एक टोपली, डावीकडे एक. दोन्हींत काटेरी, बोडक्या फांद्या.

"हे झाड जगाच्या पाठीवर एकाच शिखरावर आहे," बाबा सांगत होता. "तिथे माझ्याशिवाय कुणाचा पाय पोचत नाही. याला काटे का? रोग अडकायला. फांदी न्या, कोमट पाण्यात ठेवा. पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. पेशंटच्या उशाशी, खिडकी बंद. नऊ दिवसांत फूल आलं की समजायचं, रोग फांदीत गेला. त्यानंतर औषधाचा एक थेंब जरी घेतला तर रोग परत अंगात."

"आणि नाही आलं तर?" कुणीतरी विचारलं.

"तर घरात कुणीतरी शंका घेतली."

सगळ्यांनी लगेच आपापल्या घरातला शंकेखोर मनातल्या मनात शोधून ठेवला.

कडाक्याच्या थंडीत फुलं येणार, हाच खरा चमत्कार होता. रानातली काटेरी झुडपं फुललेली सगळ्यांनी पाहिली होती, पण थंडी सरल्यावर. तरी गेल्या महिन्यात समोरच्या शिंप्याच्या घरी फुलं आली होती. लोक ती बघायला चपला काढून आत जात होते.

रांगेत मामा ताईच्या मागे उभा होता. ताईच्या कडेवर तिची लेक खारू. नऊ वर्षांची, म्हणजे कडेवर घ्यायचं वय केव्हाच गेलेलं. पण ताई तिला खाली सोडत नव्हती. सहाव्या वर्षी खारूला डायबेटिस निघाला. तेव्हापासून रोज चार इंजेक्शनं. "मामा, माझ्या पोटातून आता चहा गाळता येईल," असं खारूच म्हणायची. ती हसायची. ताईला ते ऐकवत नसे.

त्यांचा नंबर आला. बाबाने खारूचे गोबरे गाल पाहिले, डोळ्यांखाली बोट लावलं आणि उजव्या टोपलीतली फांदी उचलली. मागच्या म्हातारीला दम लागला होता. तिला डावीकडची मिळाली.

मामाने फांदी हातात घेतली आणि त्याला हसूच आलं. तो वनस्पती-संग्रहालयात चिकटवायचं काम करायचा. वाळवलेली झाडं जाड कागदावर चिकटवायची, खाली चिठ्ठी लावायची. कॉलेज वगैरे त्याचं झालेलं नव्हतं. जे कळलं ते चिठ्ठ्या वाचून कळलं. प्रत्येक पेरावर तीन काटे. साल नखाने खरवडली की आत पिवळंधम्मक. पानं आली की कडेला दात. कपाट नंबर चौदा, वरचा खण.

"ताई, एकच शिखर कसलं? आमच्याकडे याची त्रेसष्ट शीट आहेत. सतरा डोंगरांवरची. चौदाशे मीटरच्या वर गेलं की कुठेही कुंपणासारखं माजतं. आपल्या घाटाच्या वळणावर पण आहे. त्या दिवशी दाजींचा शर्ट कशाने फाटला?"

"तू मेलेली झाडं चिकटवतोस," ताई म्हणाली. "जिवंत माणसाचं तुला काय कळतंय? आणि हळू बोल. शंका घेऊ नकोस."

"इंजेक्शन तरी चालू ठेवशील ना?"

"फूल येईपर्यंत चालूच आहे. बाबांनीच सांगितलंय."

हा होता मंगळवार. नऊ दिवस आहेत, असा हिशोब मामाने केला. वाद घालून उपयोग नाही, पुरावाच समोर ठेवू. इथेच तो चुकला.

दुपारी त्याने त्रेसष्ट चिठ्ठ्या वाचून काढल्या. शंभर वर्षांत कोण कोण त्या काट्यांत हात घालून आलं होतं, आणि प्रत्येकाने उंची आणि तारीख लिहून ठेवली होती. चौदाशे मीटरवर फुलं आधी. अठराशेवर महिनाभराने. बावीसशेवर आणखी महिनाभराने. तो त्या ढिगाकडे बघत बसला. म्हणजे झाड महिना बघत नाही. ऊब बघतं. ऊब डोंगरावर जशी वर वर चढते, तशी तिच्यामागून फुलं चढतात. आणि बंद खोली, कोमट पाणी, म्हणजे घरात आणून ठेवलेली ऊबच की.

तो सायकल काढून घाटात गेला, हात रक्ताळेपर्यंत पाच फांद्या तोडल्या. झाडं वाळवायच्या गरम कपाटाशेजारी बरणीत कोमट पाण्यात ठेवल्या. त्या कोपऱ्यात एक मोडक्या पायाची खुर्ची होती. पेशंट म्हणून तीच.

शनिवारी संध्याकाळपर्यंत कळ्या फुगल्या होत्या. रविवारी सुट्टी. तसंही ताईने निरोप धाडला होता, नऊ दिवस घरी येऊ नकोस, तुझ्या मनात शंका आहे.

सोमवारी सकाळी त्याने दार उघडलं आणि तो तिथेच थांबला.

तीन फांद्यांना पिवळे घोस लोंबत होते. आणि खुर्चीवर पाकळ्या पडल्या होत्या. आज उमललेल्या फुलाची पाकळी आज गळत नाही. म्हणजे फुलं कालच आली. म्हणजे ताईकडेही कालच आली असणार. म्हणजे इंजेक्शन कालपासून बंद.

उरलेल्या दोन फांद्यांना नुसती पानं फुटली होती. त्याने शेंडे पाहिले. न उमललेल्या कळ्या होत्या अजून. फुलं आलेल्या फांद्यांवरच्या गोल, पानं आलेल्यांवरच्या टोकदार. उजवी टोपली, डावी टोपली. एक फुललेली, एक पानांची, अशा दोन फांद्या बरणीतून उपसून तो पळत सुटला.

ताईच्या घरात शेजारपाजार जमला होता. उशाशी पिवळीजर्द फुललेली फांदी, सगळे हात जोडून. खारू भिंतीकडे तोंड करून पडली होती. दाजी बादली धूत होते.

"चार वेळा उलटी झाली," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पाणी पाणी करते. तांब्यावर तांबे प्यायली. तुझी ताई म्हणते, रोग बाहेर पडतोय."

मामा खारूजवळ वाकला. ती धापा टाकत होती, आणि श्वासाला पिकून उतरलेल्या फळाचा वास येत होता.

"ताई, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं."

"आलास? फुलं आली, आता तू आलास." ताईचे डोळे तांबारले होते. "तीन वर्षं मी हिला भोसकतेय. हातपाय धरून भोसकलंय मी माझ्या पोरीला. काल पहिल्यांदा नाही भोसकलं. तुला तेही बघवत नाही?"

मामाने आपली फांदी तिच्या फांदीशेजारी धरली. सारखेच काटे, सारखेच घोस.

"ही कुणाच्या उशाची?" शेजारच्या काकू म्हणाल्या.

"खुर्चीच्या."

"कुणाच्या?"

"आमच्या ऑफिसातल्या खुर्चीच्या. एक पाय मोडलाय तिचा. फुलं कालच आली, काकू. पाय अजून मोडलेलाच आहे."

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

"तुझी फांदी बाबांच्या झाडाची नाही," ताई म्हणाली. पण आवाज हलला होता.

"घाटातली आहे. खरवडून बघ, आत पिवळी. आणि ही दुसरी बघ, हिची कळी टोकदार. टोकदार कळीतून पान येतं, गोल कळीतून फूल. बाबाला ते माहीत आहे, म्हणून दोन टोपल्या. माणूस खंगलेला दिसला की डावी. धडधाकट दिसला की उजवी. तो झाडाला विचारत नाही ताई, तोंड बघून फांदी देतो. आपली खारू त्याला धडधाकट दिसली."

"होतीच ती."

"कशामुळे होती?"

ताईने फुलांकडे पाहिलं. मग खारूच्या पोटावरच्या निळ्या ठिपक्यांकडे.

"मी टोचत होते म्हणून," ती म्हणाली. आणि दाजींना म्हणाली, "रिक्षा बघा. पळा."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं इंजेक्शन कधी दिलं?" दाजींनी तोंड उघडलं, पण ताईने त्यांना अडवलं. "शनिवारी रात्री. मी बंद केलं. मीच." डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि त्या धावल्या. दोन दिवस नळ्या, बाटल्या, तासातासाला रक्त. ताई बाकावर बसून राहिली, कुणी पाणी दिलं तर हातात धरून बसली. तिसऱ्या दिवशी खारूने डोळे उघडले आणि हाताची सुई बघून म्हणाली, "पोटाला सुट्टी दिली वाटतं." तेव्हा कुठे ताई रडली.

पुढच्या मंगळवारी गोदामापुढे रांग होतीच. ताई दाराशी जाऊन उभी राहिली, एका हातात गोल कळीची फांदी, दुसऱ्या हातात टोकदार. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला थांबवून दाखवत होती. बाबाची माणसं तिला ढकलत होती. बरेच जण तोंड फिरवून गेले.

एक गवंडी थांबला. हाताला सिमेंट, खांद्याला टेकलेली बायको, हाडांचा सापळा. त्याने आपली फांदी निरखून पाहिली.

"फांदीच्या कळ्या टोकदार आहेत," तो म्हणाला. "म्हणजे माझी ही जाणार का?"

"म्हणजे काहीच नाही, दादा," ताई म्हणाली. "झाडाला तुमची बायको माहीत नाही. बाबाने नुसतं तिचं तोंड बघितलं. गोळ्या चालू आहेत ना?"

"पाच दिवस झाले, इथे यायचं ठरलं तेव्हाच बंद केल्या."

"घरी जा आणि गोळ्या बाहेर काढा. नको, आधी दवाखान्यात चला. मी येते."

कपाट नंबर चौदामध्ये आता चौसष्ट शीट आहेत. शेवटच्यावरची चिठ्ठी मामाच्या अक्षरात आहे. ठिकाण, घाटाचं वळण. उंची, चौदाशे साठ मीटर. शेरा: भर थंडीत कोमट पाण्यात, मोडक्या खुर्चीजवळ फुललं. खुर्ची बरी झाली नाही.

विश्वास ठेवू नका, करून बघा. थंडी सरत आली की गोल, फुगलेल्या कळ्यांची एक फांदी तोडा, कोमट पाण्यात घाला, खुर्चीपाशी ठेवा. फुलं येतील, छान दिसतील. तोवर ज्याची जी गोळी असेल, जे इंजेक्शन असेल, ते वेळेवर घ्या.